शंभरच्या आत

कापसाचे हाल चालले होते ती वर्षं. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी एकदाही यायचं नाही. बाहेरगावी कुणाला जिल्हा सांगितला की समोरचा माणूस आवाज खाली आणायचा, जणू मी आत्ताच कुणाला तरी पोचवून आले आहे. आणि अशा जिल्ह्यात माझी आई लठ्ठ होती. अंगानं भरलेली, खात्यापित्या घरची, असले गोड शब्द मला आवडत नाहीत. लठ्ठ होती. बाभुळगावच्या बसस्टँडवर तिला येताना पाहून लोक वाट द्यायचे आणि त्या वाट देण्यात मान नसायचा. मी तेव्हा गावातल्याच शाळेत शिकवत होते. वर्गातली पोरं पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.

बाबा गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्यानं बैलबंडीत भरून आणलेला कापूस मुठीत घ्यायचा, ओल किती, कचरा किती, धागा किती लांब ते पाहायचं आणि प्रत ठरवायची. प्रतीवर भाव, त्यामुळे ग्रेडरवर खूश असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. शिवाय आजूबाजूच्या बाजारांत कडता कापायची पद्धत होती. कडता म्हणजे ओलीपोटी, मातीपोटी वजनातून कापून टाकलेला वाटा. काट्यावर दिसतं त्यापेक्षा कमी सांगायचं आणि पुढच्या बंडीला हाक मारायची. बाबांच्या केंद्रावर कडता नव्हता. रोज सकाळी ते स्वतः मापं ठेवून काटा तपासायचे. तरी दिवसभर लोक विचारायचे, साहेब, काटा बरोबर हाये ना, आणि दिवसभर बाबा चिडायचे. घरी आल्यावर पहिली गोष्ट हीच, की आज कुणी माझ्या काट्यावर संशय घेतला. घर साधं, पगार साधा, बढती अडकलेली. मिरवण्यासारखा त्यांच्याकडे तो एक काटाच होता.

हंगाम सुरू झाला की बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची आणि बाबांना घरी यायला फार उशीर व्हायचा. आई आमच्यासोबत जेवायची, कारण पोरांना नुसतं वाढून मोकळं व्हायचं नाही असा तिचा दंडक. मग बाबा आले की त्यांच्यासोबत पुन्हा जेवायची, कारण दमून आलेल्या माणसानं भिंतीकडे तोंड करून एकट्यानं जेवायचं का. डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात असला की वर फोडणीचं गरम तेल दोन्ही वेळा. सरकीचं तेल आमच्या घरी कधी कमी पडलं नाही. असे तिचे किती हंगाम गेले, कुणी पाहिलं नाही. तिचं वजन आळसानं वाढलं असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हे सांगायचे, तेव्हा ते माझ्याकडे पाहून हसायचे.

एकदा केंद्रावर टीव्हीवाले आले. रांगेतल्या शेतकऱ्यांचं चित्रण चाललं होतं. आई नेमकी बाबांचा डबा घेऊन तिथं पोचली आणि एका बंडीला टेकून दम खात उभी राहिली. कॅमेरावाल्यानं कॅमेऱ्यातून डोळा काढून कुणाला तरी हिंदीत सांगितलं, त्या बाईंना जरा बाजूला करा, चित्रात बरोबर दिसत नाहीत. आई बाजूला झाली. तिनं डबा काट्यावरच्या मापाऱ्याजवळ दिला आणि आली तशी चालत घरी गेली. मी त्या दिवशी सुट्टी असल्यामुळे तिच्यासोबत होते. त्यानंतर केंद्रावर डबा पोचवायला ती परत कधी गेली नाही. आपल्या दुखण्याला ह्या जिल्ह्यात जागा नाही, हे तिला त्या दिवशी कळलं असं मला वाटतं.

दुखणं मात्र होतं. धाकट्या भावाच्या वेळी पोट कापलं होतं. त्या जुन्या टाक्यांजवळ, बेंबीच्या बाजूला एक फुगवटा आला. आधी लिंबाएवढा, मग वाढत गेला. खोकलं की दुखायचा, निजलं की आत जायचा. आई पदर जरा ओढून घ्यायची आणि कामाला लागायची. शेवटी एका दुपारी ओट्याजवळ ती कळ येऊन खाली बसली आणि तिला उठताच येईना, तेव्हा आम्ही तिला यवतमाळला नेलं.

एसटीच्या पायऱ्या उंच असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. मी वरून हात धरला होता, बाबा खालून आधार देत होते, आणि कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून खिडकीबाहेर बघत होता.

सर्जन चांगले होते. तोडून बोलायचे, पण खरं बोलायचे. त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीवर कुपोषणाची चित्रं होती, फासळ्या दिसणारी बाळं, मुगाची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू. लठ्ठपणाबद्दल कुठं एक ओळ नव्हती. आज त्याच रस्त्यावर वजन उतरवून देणाऱ्यांच्या पाट्या आहेत, सरकारी दवाखान्यातही कमरेचा घेर मोजतात आणि देशापुढचा मोठा प्रश्न म्हणून त्यावर भाषणं होतात. तेव्हा तो एकट्या आमच्या घरचा प्रश्न होता. डॉक्टरांनी पोट तपासलं आणि सांगितलं की हा हर्निया आहे, आतडं ह्या फटीतून बाहेर येतं. एखाद्या दिवशी ते आत गेलंच नाही, तिथंच अडकलं, तर ते सडतं आणि मग आमच्याही हातात फारसं राहत नाही. बाबांनी विचारलं, मग उद्या करता का. डॉक्टर म्हणाले, ह्या वजनावर नाही. टाके धरणार नाहीत, आणि भूल दिल्यावर ह्यांचा श्वास नीट परत येईल अशी खात्री भूल देणारे डॉक्टर देणार नाहीत. झोपेत ह्या घोरता घोरता मधेच थांबतात का? मी हो म्हटलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची चहाडी केली आहे.

"शंभरच्या आत आणा," डॉक्टर म्हणाले. "मग मी इथेच करतो. आणि हा आजार आहे, समजलं का? बाईंना घरी कुणी बोलायचं नाही."

हे वाक्य बोलणारा दुसरा डॉक्टर मला त्या काळात भेटला नाही. पण त्याच दवाखान्यात बाहेर, सगळ्या पेशंटांसमोर, आईला वजनाच्या यंत्रावर उभं केलं. तबकडीवरचा काटा गेला तो शेवटाला जाऊन खट्कन आपटला आणि तिथंच राहिला. बाकावरचा एक जण हसला. दोघं हसले. कंपाउंडर म्हणाला, बाई, आता धान्याच्या गोदामातच जा. मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आई उतरली, चप्पल घातली आणि म्हणाली, ह्या यंत्रावर मी परत पाय ठेवणार नाही. तिचा आवाज नेहमीसारखा होता, म्हणून मला माहीत होतं की ती ठेवणार नाही.

मग बाबांनी तोड काढली. केंद्रावर मोठा काटा आहे, आपण त्यावर करू. लोखंडी फळी, वर आडवी दांडी, दांडीच्या टोकाच्या आकड्याला अडकवायची मापं आणि दांडीवर सरकणारं छोटं माप. त्यावर क्विंटलानं कापूस चढतो, आई सहज मावेल. डॉक्टरांनाही पटलं. म्हणाले, तुमचा काटा माझ्यापेक्षा पक्का, तुम्ही फक्त मला आकडा कळवत जा. जिनिंगला सुट्टी असायची त्या दिवशी, हमाल आणि मापारी कुणी नसताना, बाबा आईला घेऊन जायचे. मी यायचं नाही अशी आईची अट होती. पहिल्यांदा गेली तेव्हा वजन एकशे सव्वीस निघालं. बाबांनी ते मला मागच्या अंगणात हळूच सांगितलं.

माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट हातात घेतली की घरात सगळ्यांना त्याचा त्रास झालाच पाहिजे. मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तेलाची बरणी कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्सला. तोवर नातेवाइकांचे उपचार सुरू झालेच होते. मामी म्हणाली, आठवड्यातून तीन उपास धर. आता आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची उसळ, वर शेंगदाण्याचा कूट, बटाटा आणि तूप. त्या तीन दिवसांत आई उरलेल्या चार दिवसांपेक्षा जास्त खायची, तेही पुण्य समजून. मी उपास बंद केले. घरात देव कोपणार म्हणून आठवडाभर तोंडं फुगली. एका काकूनं नागपूरहून पावडरीचा डबा पाठवला, तो मी उघडू दिला नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, ताक. सकाळी अंधार फिटला की आईला घेऊन धामणगावच्या रस्त्यानं चालायला जायचं. ती चार पावलं चालून थांबायची, पोटावर हात धरायची, मग चालायची. पोटाला पट्टा बांधलेला असायचा. वाटेत कुणी दिसलं की ती रस्त्याच्या कडेचं काहीतरी पाहत असल्यासारखं करायची.

आणि वजन उतरू लागलं. एकशे बावीस. एकशे अठरा. एकशे बारा. एकशे तीन. बाबा केंद्रावरून आले की आधी आकडा सांगायचे, मग हातपाय धुवायचे. मी फुशारून जायचे. शाळेत बायकांना सांगायचे की बघा, काही जादू नाही, नुसती शिस्त लागते. आई मात्र आकडा ऐकून हसायची आणि लगेच दुसरा विषय काढायची. मला वाटायचं, दृष्ट लागेल म्हणून घाबरते.

एवढं असूनही एक गोष्ट जुळत नव्हती. दवाखान्यात न्यायला दोन सैल ब्लाउज शिवायचे ठरले. शिंपीणबाई घरी आल्या. मी म्हटलं, जुन्या मापावर घेऊ नका, आई पुष्कळ उतरली आहे. त्यांनी टेप लावली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा लावली. म्हणाल्या, ताई, उतरल्या आहेत, पण दोन बोटं. मी त्यांना उलट बोलले की टेप जुनी झाली आहे. पण त्या गेल्यावर मी आईच्या हाताकडे पाहिलं. बांगड्या पूर्वी रुतायच्या तशाच रुतत होत्या. पट्टा बांधताना गाठ आदल्या महिन्यात यायची तिथंच येत होती. त्यातच पोटातली कळ वाढली होती. आता ती निजल्यावरही फुगवटा आत जायला वेळ घ्यायचा, आणि तेवढा वेळ मी आणि बाबा दोघंही दुसऱ्या खोलीत काही काम नसताना उभे असायचो.

शेवटचं वजन करायचं होतं त्या दिवशी आईचा गुडघा धरला होता. फळीवर चढायला दोन माणसं लागणार होती, म्हणून अट मोडून तिनं मला सोबत घेतलं. जिनिंगच्या पटांगणात कापसाच्या गंजी उभ्या होत्या, माणूस कुणी नव्हतं. आम्ही तिला फळीवर चढवलं आणि हात सोडले. ती दांडीकडे पाठ करून, गंजीकडे तोंड करून उभी राहिली. बाबांनी मापं लावली, छोटं माप सरकवलं. दांडी हलली, थांबली, सरळ झाली. मी बाबांच्या मागं होते. शंभराचं माप आकड्याला लटकत होतं. छोटं माप सतरावर होतं.

"नव्व्याण्णव," बाबा म्हणाले.

ते मोठ्यानं म्हणाले, मापाऱ्याला सांगतात तसं. मग त्यांनी वळून पाहिलं आणि मी कुठं पाहते आहे ते त्यांना दिसलं. आई फळीवरून उतरत म्हणाली, झालं का मग? मी तिला हात दिला.

घरी आल्यावर बाबा मला विहिरीपाशी घेऊन गेले. मी काही विचारायच्या आतच ते बोलू लागले. सुरुवातीला फक्त एक-दोन किलो कमी सांगितले होते, तिला धीर यावा म्हणून. मग पुढच्या वेळी त्याच्यापेक्षा कमी सांगावं लागलं. मग त्यांच्या लक्षात आलं की खरं वजन ज्या वेगानं उतरतं आहे, त्या वेगानं शंभर यायला वर्ष जाईल, आणि त्या फुगवट्याकडे वर्ष नाही. मी म्हटलं, भूल देणाऱ्याला कळलं नाही आणि टेबलावर तिचा श्वास गेला तर? बाबा विहिरीचा कठडा धरून उभे होते.

"अन् आतडं अडकलं तर?" ते म्हणाले. "मी काय त्याची वाट पाहत बसू? तू सांग मले, कोणतं मरण पाहू?"

ज्या माणसानं आयुष्यभर कुणाच्या कापसातून मूठभर कडता कापला नव्हता, त्यानं बायकोच्या वजनातून अठरा किलो कापले होते. मी त्यांना एवढंच सांगितलं की यवतमाळला गेल्यावर मी डॉक्टरांना खरं सांगणार. ते पोहरा सोडून पाणी ओढू लागले.

दोन दिवसांनी यवतमाळच्या दवाखान्यात आईला खाटेवर निजवलं. सर्जननी आकडा ऐकून बाबांची पाठ थोपटली. मग भूल देणारे डॉक्टर आले. बारीक, चष्मेवाले, हळू बोलणारे. त्यांनी आईकडे बराच वेळ पाहिलं. मान वर करायला सांगितली, तोंड उघडायला लावलं. मग म्हणाले, नव्व्याण्णव वाटत नाही. काटा बरोबर आहे ना?

हा प्रश्न त्यांना दिवसातून शंभर जण विचारायचे, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना चिडता येत नव्हतं. मी एक पाऊल पुढे झाले. पण डॉक्टर आईशी बोलत होते. तिला समजावत होते की बाई, औषधाचं माप तुमच्या वजनावर ठरतं. कमी पडलं तर तुम्ही मधेच जाग्या व्हाल, जास्त झालं तर श्वास चालणार नाही. म्हणून विचारतो.

आई कोपरावर टेकून थोडी वर झाली.

"एकशे सतरा भरते मी," ती म्हणाली. "पाठ होती माही तिकडं, पण आवाज येते ना. शंभराचं माप त्यायनं काढलंच नाही."

सर्जननी बाबांकडे पाहिलं. मी आईला विचारलं, तुला माहीत होतं तर बोलली काहून नाही. ती म्हणाली, तीस वर्षं ग्रेडरच्या घरात काढली, काटा समजत नाही काय मले. पोटातली कळ सोसत नव्हती. वाटलं, खोटं तर खोटं, कापून तर देतील. मग तिनं भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे बोट केलं. ह्यांचा काय दोष, म्हणाली. माझं काही झालं असतं तर ह्यांच्या नावावर गेलं असतं.

सर्जन बाबांना बोलले. फार नाही बोलले, पण जे बोलले ते बाबांच्या वर्मी लागलं. म्हणाले, साहेब, कापसात हे चालत असेल, इथं चालत नाही. बाबांनी मान खाली घातली आणि हातातली आईची पिशवी उगाच दुसऱ्या हातात घेतली. त्यांच्या काट्यावर हे कधी चाललं नव्हतं हे मला ओरडून सांगायचं होतं. पण आता ते खरं राहिलं नव्हतं.

आम्ही एसटीनं परत आलो. ऑपरेशन झालं नव्हतं, फुगवटा होता तिथंच होता. पुढच्या सुट्टीला बाबा म्हणाले की आता मापाऱ्याला सांगू, मी काट्याला हात लावणार नाही. आई म्हणाली, तुम्हीच लावायचा. आणि सुट्टीच्या दिवशी नाही, चालू दिवशी. ती गेली. बंड्या लागल्या होत्या, हमाल होते, रांगेत माणसं होती. ती दांडीकडे तोंड करून फळीवर उभी राहिली. एक-दोघं तोंडात रुमाल धरून हसले, बाकीच्यांनी आपले बैल सांभाळले. बाबांनी एकशे सोळा म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

एक बदल मात्र झाला, आणि तो माझ्या किल्लीमुळे झाला नाही. हंगाम संपेपर्यंत बाबा रात्रीचाही डबा केंद्रावरच खाऊ लागले. घरी आल्यावर फक्त ताक घ्यायचे. आईला पहिल्यांदा चुकल्यासारखं झालं, ती रागावलीसुद्धा, म्हणाली की मी काय वैरीण आहे का. बाबा म्हणाले, मले आता उशिरा जेवलेलं पचत नाही. हे खोटं होतं. त्यांना लोखंडही पचलं असतं. पण हे खोटं मी चालू दिलं. वजन खरंखुरं उतरत गेलं, अगदी हळू, महिन्याला दोन, कधी एक. आम्ही शंभरकडे चाललो होतो आणि फुगवटा त्याच्या वाटेनं चालला होता, आणि आधी कोण पोचतं हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आधी तो पोचला. वैशाखातली दुपार होती. आई पाणी प्यायली आणि ओकली. मग पुन्हा ओकली. फुगवटा दगडासारखा झाला होता, आत जात नव्हता, हात लावू देत नव्हता. जिनिंगची जीप मिळाली. यवतमाळपर्यंत बाबा मागच्या बाजूला आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी ड्रायव्हरला सांगत होते की हळू चालव आणि लवकर चालव, दोन्ही एकदम.

आता वजनाच्या अटीचा विषय कुणी काढला नाही. सर्जननी पोटाला हात लावला आणि लगेच आत घ्या म्हणाले. भूल देणारे डॉक्टर तेच होते. ते जवळजवळ धावतच आले, स्ट्रेचरपाशी थांबले आणि विचारलं, वजन किती. बाबा पुढे झाले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते आईवर वाकले.

"बाई, तुम्ही सांगा. वजन किती?"

बाबा होते तिथंच थांबले. बैलगाडीतल्या कापसावर हात ठेवून सांगितलेला त्यांचा शब्द, बदली होईल तिथं, उमरखेडपासून केळापूरपर्यंतच्या केंद्रांवर चालला होता, आणि इथं, जिथं त्यांना तो चालायला हवा होता, तिथं तो कुणी घेत नव्हतं. मला डॉक्टरांचा राग आला नाही. मला रडू आलं.

आईला बोलताना कळ येत होती. तिनं दात आवळले, डोळे उघडले आणि डॉक्टरांचा कोट धरला.

"त्यायले विचारा," ती म्हणाली. "आता ते खरं सांगतात."

डॉक्टर सरळ झाले आणि बाबांकडे वळले.

"एकशे नऊ," बाबा म्हणाले. आकडा स्पष्ट होता. डॉक्टरांनी तो दुसऱ्यांदा विचारला नाही. आईला आत नेलं.

तिला बाहेर आणलं तेव्हा उन्हं उतरली होती. आतडं वेळेत सुटलं होतं, कापावं लागलं नव्हतं. ती अजून शुद्धीवर नव्हती, पण श्वास तिचा तीच घेत होती. बाबा तिच्या पायाशी उभे राहिले आणि पांघरूण वर-खाली होताना पाहत राहिले. नर्सनं दोनदा सांगितलं तरी ते खुर्चीवर बसले नाहीत.